माळावर गवत परत आणताना : साडेचार एकराच्या नोंदी

जागा बारामती तालुक्याच्या जिरायती पट्ट्यात, सुप्याच्या बाजूला. सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे लागवडीला न धरलेली. खाली मुरूम, वर कुठे चार बोटं तर कुठे वीतभर माती, आणि पाऊस चांगल्या साली साडेचारशे-पाचशे मिलीमीटर. जमीन तात्यांची (माझे चुलते) आणि आमची सामाईक. मयूरेश्वर अभयारण्य जवळच आहे, ते आहेच केवढं, सव्वापाच चौरस किलोमीटरसुद्धा नाही, त्यामुळे तिथला चिंकारा काय कुंपण बघून थांबत नाही, आमच्या माळावरही यायचा. खोकड, लांडगा, तरस पूर्वीपासूनचे.

काही वर्षांपूर्वी एका योजनेतून इथे सलग समतल चर (पाणी अडवायला उताराला आडवे खणलेले लांब खड्डे) मारले आणि गिरीपुष्प (ग्लिरिसिडिया), सुबाभूळ लावली. फोटो निघाले, बोर्ड लागला. सुबाभूळ बरीचशी मेली, गिरीपुष्प जगलं, गवत गेलं. आता ते उलटं करायचंय, झाडं काढायची आणि गवत आणायचं. गावात हसतात लोक. ज्यांना आपल्या पडीक माळावर हेच करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय, खर्चासकट.

14 नोव्हेंबर 2023, पाडवा

बी गोळा करायला सुरुवात. साल वाईट निवडलं, दुसरा इलाज नव्हता. गेल्या महिन्याच्या शेवटी सरकारनं राज्यातल्या 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला त्यात आमचा तालुका आहे. गवत जेमतेम गुडघ्याएवढं, काही ठिकाणी वीतभरच येऊन निसवलंय (तुरा टाकलाय).

अभयारण्यातून बी आणायचं नाही हे आधीच ठरवलेलं, ते कायद्यात बसत नाही आणि बसलं असतं तरी त्यांचं त्यांना राहू दे. शेताचे बांध, जुन्या देवळामागचा माळ आणि रस्त्याकडेचा एक पट्टा जिथे कधी नांगर लागला नाही, एवढ्यावरून गोळा केलं. डोंगरी, पवन्या, कुसळी आणि थोडी मारवेल, ही सगळी इथली गवतं. हातानं ओंबी ओढली आणि बी सहज हातात आलं तर तयार समजायचं, ताण द्यावा लागला तर चार दिवस थांबायचं. पण चार दिवस थांबलं की डोंगरीचं बी वरून गळून गेलेलं असतं, म्हणून त्याच त्याच जागी परत परत जावं लागतं, एका फेरीत उरकत नाही.

बी सुती उशीच्या अभ्र्यांमध्ये भरलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत भरलेलं पहिलं बी दोन दिवसांत घामेजून वास मारायला लागलं, ते फेकलं. दोन बायका मदतीला, 350 रुपये रोज. कुसळीला फुल पँट घालून जाऊ नका, हाफ पँट घाला, पाय ओरखडलेले परवडतात, पँटमधली कुसळं काढत बसणं नाही परवडत.

3 डिसेंबर 2023

बी वाळवून वजन केलं, सगळ्या गवतांचं मिळून अकरा किलो. खूष होतो. मग रात्री सहज डोंगरीचं बी तळहातावर चोळून नखानं फोडून बघायला लागलो तर आत काहीच नाही, नुसतं टरफल. पन्नास दाणे मोजून फोडले, नऊ भरलेले निघाले. कुसळीचं जरा बरं, पन्नासात एकवीस. म्हणजे अकरा किलोतलं बहुतेक भूसच आहे.

दुष्काळात गवत निसवतं पण दाणा भरत नाही, हे जोंधळ्याचं आपल्याला माहीत असतं, गवताचं कुणी बघत नाही. आता ज्यांना बी गोळा करायचंय त्यांनी पोतं भरायच्या आधी जागेवरच चोळून फोडून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

ओल्या गोणपाटात उगवणही लावून बघितली, जवळपास काहीच नाही आलं. पण त्यावरून बी टाकून देऊ नका. या गवतांचं ताजं बी झोपलेलं असतं, लगेच उगवत नाही, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ठेवावं लागतं. मे महिन्यात परत लावणार.

21 जानेवारी 2024

गिरीपुष्प तोडायला घेतलं. दोन गडी, कुऱ्हाड, कंबरेएवढ्या उंचीवर तोडलं कारण वाकायला नको. मालकीच्या जमिनीतलं असलं तरी झाड तोडायच्या आधी तलाठ्याकडे आणि वनखात्याच्या जवळच्या ऑफिसात विचारून घ्या, झाडाझाडाचे नियम वेगळे आहेत, आणि न विचारता तोडलं की गावातलाच कुणीतरी फोन करतो. आमच्याकडे आला होता फोन.

लाकूड सरपणाला गेलं, त्यात गड्यांची निम्मी मजुरी फिटली. तरवड, बोर, हिवर, हेकळ यातलं काही तोडलं नाही, ती माळाचीच आहेत.

18 फेब्रुवारी 2024

तोडलेल्या प्रत्येक बुंध्याला सात-आठ धुमारे. पाऊस नाही, पाणी नाही, आणि हे हिरवंगार. मध्य अमेरिकेतलं झाड, इथे कोण खाणारं नाही त्याला. मेंढपाळ मामांनी सांगितलं की पाला ओला असताना शेरडं तोंड लावत नाहीत, तोडून दिवसभर सुकवला तर थोडा खातात. करून बघितलं, खाल्ला थोडा. पण त्यानं बुंधा काय मरत नाही.

मग वैतागून जेसीबी बोलावला, 1,200 रुपये तास. एका बाजूचे बुंधे उपटले आणि म्हटलं आलाच आहे तर त्या पट्ट्यातले चरही बुजवून घेऊ. साडेपाच तास लागले, 6,600 रुपये. संध्याकाळी एकदम सपाट, स्वच्छ दिसत होतं. तात्या म्हणाले आता ज्वारी पेर. चेष्टेत म्हणाले का खरंच ते कळलं नाही.

26 मे 2024

उगवण परत लावली. डोंगरी शंभरात चौदा, पवन्या अकरा, कुसळी एकतीस. वाईट, पण डिसेंबरपेक्षा बरं.

कृषी खात्यातल्या एका ओळखीच्या माणसानं सुचवलं की यात स्टायलो (चाऱ्याचं द्विदल पीक) मिसळ, नत्र मिळेल, चारा वाढेल. चाऱ्यासाठी ते बरोबरच आहे, पण ते बाहेरचं पीक आहे आणि मला चाऱ्याचा प्लॉट करायचा नाहीये. नको म्हटलं. फुले मारवेलचे ठोंब (मुळासकट काड्या) घ्यायचाही विचार केला होता, राहुरीच्या विद्यापीठाचं वाण, उत्पादनाला चांगलं. पण आमच्याच बांधावर गावठी मारवेल असताना कशाला. दूध-धंदेवाल्यांनी खुशाल घ्यावं.

2 जून 2024

पेरणी. आधी पाभरीनं (पेरणीच्या अवजारानं) करायला गेलो. गवताचं बी केसाळ आणि हलकं, चाड्यात (वरच्या बी टाकायच्या वाटीत) टाकलं की गोळा होऊन बसतं, खाली नळ्यांत उतरतच नाही. अर्धा दिवस त्यात गेला. मग एक घमेलं बी, चार घमेली चाळलेली वाळू, दोन घमेली वाळलेलं शेणखत असं कालवून हातानं फोकून पेरलं आणि वरून बोरीची फांदी ओढली. बी खोल गाडू नका, नखभर मातीखाली बास. वाऱ्याच्या वेळी तर अजिबात नको, माझं बरंच बी शेजारच्या रानात गेलं असणार.

पाऊस पडायच्या आधी कोरड्यात पेरलं कारण सगळे तसंच सांगतात.

8 जून 2024

बी चाललंय. अक्षरशः चाललंय. सकाळी उन्हं वर यायच्या आत माळावर गेलो तर मुंग्यांची रांग, प्रत्येकीच्या तोंडात डोंगरीचा दाणा, काहींच्या तोंडात कुसळीचं तोडून आखूड केलेलं बी. रांगेच्या मागे मागे गेलो तर तरवडीच्या बुडाशी वारूळ, तोंडाभोवती गोल टरफलांचं कडं, हातभर रुंद. दाणा आत, टरफल बाहेर. आणि गंमत म्हणजे रिकामं बी त्यांनी उचललंच नव्हतं, ते जिथे पेरलं तिथेच पडलेलं. भरलेलं-पोकळ ओळखायला मला नख लागतं, यांना नाही.

मुंग्यांचं औषध टाक म्हणून दोघातिघांनी सांगितलं. ज्या माळावर पक्षी किडे खायला यावेत म्हणून हा उद्योग चाललाय तिथे पावडर टाकायची? नाही टाकली. उरलेलं बी थांबवून ठेवलं.

16 जून 2024

दोन चांगले पाऊस झाले. चार बोटं ओल गेल्यावर उरलेलं बी टाकलं, यावेळी निम्मं तसंच आणि निम्मं गोळ्या करून. गोळ्यांसाठी तळ्यातला गाळ, शेण आणि बी. गाळ जास्त झाला आणि गोळ्या लिंबाएवढ्या केल्या. वाळल्यावर खडे झाले नुसते, पावसातही फुटेनात, फोडल्यावर आत बी कुजलेलं. हरभऱ्याएवढ्या करायच्या, गाळ एक भाग तर शेणखत दोन भाग, आणि गाळ चिकट असला तर वाळू मिसळायची. बीजगोळे म्हणून शाळांमधून जे लाडू वळतात ते फोटोला चांगले.

कुसळीला गोळीबिळी लागत नाही. तिचं ती बघते. एक बी ओल्या तळहातावर ठेवून बघा, कुसळाचा पीळ सुटायला लागतो आणि टोक घड्याळाच्या काट्यासारखं गोल फिरतं, बी पुढे सरकत सरकत जिथे भेग मिळेल तिथे घुसतं. मोज्यात घुसतं तेही असंच.

14 जुलै 2024

मारवेलचे ठोंब लावले. बांधावरचा जुना झुडका कुदळीनं काढायचा, वरचं गवत वीतभर ठेवून छाटायचं, मुळासकट तीन-चार काड्यांचा एकेक ठोंब करायचा आणि हातभर अंतरावर लावून पायानं दाबायचा. काढल्या दिवशीच लावायचा, ओल्या पोत्यात झाकून ठेवायचा. आम्ही एका ट्रॉलीतले ठोंब रविवारवर ढकलले, मधले दोन दिवस कडक ऊन पडलं, ते पार सुकले.

मारवेल चराच्या आतल्या अंगाला, जिथे माती साठलीय, तिथे जोरात धरली. उघड्या मुरमावर रुसली. तिथे डोंगरी आणि कुसळीच पाहिजे. जागा बघून गवत निवडायला पाहिजे, सगळीकडे एकच मिश्रण टाकून उपयोग नाही.

दगड हलवताना हातमोजे घाला, नुसते नाही, जाड. फुरसं निघालं एका दगडाखाली. त्याला त्याच्या जागी ठेवून आम्ही पुढे सरकलो.

25 ऑगस्ट 2024

जेसीबीवाला पट्टा गाजर गवतानं भरलाय. छातीएवढं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. जिथे जेसीबी गेला नाही तिथे तुरळक. इतकी स्वच्छ रेघ आहे की तात्यांनासुद्धा ती दाखवावी लागली नाही, त्यांनीच विचारलं की इथे काय झालं. माती उलथली की आधी गाजर गवत, हा या माळाचा नियम दिसतोय. चर मारले तेव्हाही हेच झालं असणार.

फुलं यायच्या आत उपटायला पाहिजे होतं. आता बायका लावून उपटून घेतलं, हातमोजे आणि तोंडाला फडकं देऊन, तरी एकीच्या हाताला पुरळ उठलं. चार दिवस, 5,600 रुपये. जेसीबीचे 6,600 वेगळेच. त्या पट्ट्यावर मी 12,200 रुपये घालून गाजर गवत पिकवलं असा हिशोब आहे.

काही झाडांवर मेक्सिकन भुंगे लागलेत, पानांची चाळण केलीय त्यांनी. 1984 मध्ये याच कामासाठी हे भुंगे भारतात आणले. पण यायला उशीर करतात, तोवर गवत फुलून जातं. ज्या झाडांवर भुंगे दिसले ती तशीच ठेवली.

उरलेले चर बुजवायचे नाहीत असं ठरवलं. ते हळूहळू आपोआप भरतायत आणि आतल्या बाजूनं मारवेल उतरतेय.

गिरीपुष्पाचे उरलेले बुंधेही आता हातानं. पहार आणि टिकाव, पाऊस पडून जमीन मऊ असताना, एकेक बुंधा मुळाशी खणून काढायचा, खड्डा लगेच बुजवून पायानं घट्ट करायचा आणि त्याच ठिकाणी त्याच दिवशी मारवेलीचा ठोंब. वेळ फार लागतो. पण तिथे गाजर गवत येत नाही.

29 सप्टेंबर 2024

मेंढरं शिरली. डोंगरी नुकती निसवत होती, दोन तासांत एका कोपऱ्यातले शेंडे साफ. तात्या भांडायला निघाले होते, मी मेंढपाळ मामांना गाठलं, कळप त्यांच्या भाच्याचा निघाला. बसून बोललो.

मामांचं म्हणणं थोडक्यात असं. माळ अडवला की तुम्ही कुंपण घालता, कुंपण घातलं की मेंढरं रस्त्यावर येतात, आणि मेंढरं न लागलेलं गवत तिसऱ्या वर्षी वाळून जाड होतं, मधून नवीन येत नाही, मग तुम्हीच काडी लावता. ऐकून घेतलं, कारण पलीकडे पाच वर्षं बंद ठेवलेला एक माळ बघितलाय, अगदी तसंच झालंय तिथे.

ठरलं ते असं: जुलैपासून बी गळेपर्यंत, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आत यायचं नाही. त्यानंतर यायचं, वाळलेलं चरायचं, पायानं बी तुडवलं जातं ते आपल्याला हवंच आहे. पैसे कुणी कुणाला द्यायचे नाहीत. गावात चराईबंदी म्हटलं की लगेच हिवरे बाजारचं नाव निघतं. तिथेही गवत कापून न्यायची सोय ठेवलेली आहेच, नुसतं बंद करून ते झालेलं नाही.

काटेरी तारेचं कोटेशन आलं होतं 1 लाख 40 हजारांचं. ते फाडलं. बाभळीच्या काट्याची वई (कुंपण) रस्त्याच्या अंगाला केली, बाकी तीन बाजू मोकळ्या. चिंकाऱ्याला तार कळत नाही, पळताना अडकतो.

10 नोव्हेंबर 2024

यंदा पाऊस बरा, दाणा भरलाय. डोंगरी पन्नासात चौतीस भरलेली. त्याच जागा, तीच माणसं, वजन कमी भरलं (आठ किलो) पण यात खरं बी किती तरी जास्त.

डिसेंबर 2024

मामांचा वाडा, म्हणजे कळप आणि बिऱ्हाड, आमच्या माळावर बसला. त्यांचे बाकीचे भाऊबंद दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात, हे कुटुंब थांबतं. जिथे पार उघडा मुरूम होता तिथे मेंढरं रात्री बसवली, जागा बदलत बदलत. लेंडीखतासाठी शेतात बसवायला लोक पैसे देतात, इथे फुकट झालं.

एका रात्री लांडगा येऊन गेला. कोकरू गेलं. मामी सकाळी बराच वेळ बोलत होत्या, लांडग्याला, कुत्र्यांना, मामांना. मामा म्हणाले, येणारच की, त्याचं पण रान आहे. नुकसानभरपाई मिळते वनखात्याकडून, पंचनामा करावा लागतो, वेळेत कळवावं लागतं. मी फॉर्म भरतो म्हटलं तर म्हणाले एका कोकरासाठी कोण हेलपाटे घालणार. पुढच्या वेळी फोन मी करणार असं ठरलंय.

16 मार्च 2025

आग. शेजारच्यांनी बांध पेटवला, दुपारी, वाऱ्यात. बांध पेटवला की पावसाळ्यात गवत चांगलं येतं ही समजूत इथे पक्की आहे. आमचा साधारण दीड एकर जळला. विझवायला गावातली पोरं आली म्हणून तेवढ्यावर थांबलं, ओल्या पोत्यांनी आणि लिंबाच्या डहाळ्यांनी झोडपून.

जुने झुडके बुडाशी जिवंत आहेत, ते येतील. गेल्या पावसातली रोपं गेली. माळटिटव्या दोन दिवस जळक्या भागावर ओरडत फिरत होत्या, अंडी होती का ते समजलं नाही.

जाळरेषा (आग अडवायला गवत काढलेला पट्टा) डिसेंबरमध्येच काढायला पाहिजे होती. गवत थोडं आहे, कशाला, म्हणून पुढे ढकललं होतं. आता बांधाच्या कडेनं दहा फूट रुंद पट्टा विळ्यानं कापून काढला, माती न उकरता. फावड्यानं खरवडून काढली तर तिथेही गाजर गवत येणार. खर्च 2,800. शेजारच्यांशी बोलणं झालं, पुढच्या वर्षी पेटवायच्या आधी सांगणार आहेत. बघू.

27 मे 2025

मे महिन्यात असा पाऊस बघितला नाही. बारामती, इंदापूर, दौंडला धो धो, नीरा डावा कालवा फुटला, मान्सूनसुद्धा राज्यात 25 मेलाच पोचला. माझं बी पुण्यात माळ्यावर. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरायचं ठरवलेलं, सुट्टी तशी टाकलेली.

धावत गेलो. मुंग्यांचं वारूळ पाण्याखाली, म्हणजे ते एक बरं. गोळ्या आणि फोकलेलं बी मिळून निम्मं टाकलं, निम्मं मुद्दाम राखून ठेवलं.

11 जून 2025

उघडीप पडली. मेमधलं उगवून आलेलं, दोन पानांवर आलेलं, उघड्या मुरमावर करपलं. वाड्याची मेंढरं जिथे बसली होती तिथे मात्र खतामुळे ओल धरलीय, तिथलं तगलं. राखलेलं बी आता टाकणार. सगळं बी एकाच पावसावर कधी टाकायचं नाही, दोन-तीन हप्ते करा.

20 जुलै 2025

वाडा बसला होता तिथे गवत सगळ्यात भारी. आणि तिथेच वेडी बाभूळ. हजारो रोपं, बोटभर उंचीची. मेंढरांनी कुठल्या तरी ओढ्याकाठी शेंगा खाल्ल्या, बी लेंडीतून इकडे आलं, पोटातून आलेलं बी उलट लवकर उगवतं. मामांना विचारलं तर म्हणाले हो, असंच पसरतं ते, तुला माहीत नव्हतं?

हे पहिल्या पावसाळ्यातच उपटायचं, जमीन ओली असताना, मुळासकट. दोन बोटांत धरून ओढलं की येतं. एक वर्ष गेलं की पहार लागते, दोन वर्षं गेली की जेसीबी, आणि जेसीबीचं वर लिहिलंच आहे. पुतण्यांना प्रत्येक शंभर रोपांना दहा रुपये असा रेट दिला. पोरांनी 470 रुपये कमावले आणि पाठ दुखते म्हणून दुसऱ्या दिवशी आली नाहीत. वाडा पुढच्या वेळीही बसवणार, फक्त त्याआधी चार-पाच दिवस शेंगांच्या जागी चरायला नेऊ नका म्हणून मामांना सांगितलंय, त्यांनी मान डोलावली.

उपटताना डोंबारी चंडोलाचं घरटं मिळालं. कुसळीच्या झुडक्याच्या सावलीच्या बाजूला जमिनीत वाटीएवढा खळगा, आत मऊ काड्या, आणि कडेला एका अंगानं बारीक खडे लावलेले. दोन अंडी, करडी, त्यावर तपकिरी ठिपके. नर वर चढत होता, पंख मिटून खाली पडत होता, जमिनीवर आदळतो असं वाटताना परत वर. तेवढा पाच मीटरचा तुकडा न उपटता सोडला, काठी रोवून खूण केली. मग लक्षात आलं की काठीवर बसून कावळा बघेल, काठी काढली, दगड ठेवला.

21 सप्टेंबर 2025

कॅमेरा ट्रॅप लावून महिना झाला. 9,500 ला घेतला, तोही ऑनलाइन सेलमध्ये. ज्यांना घ्यायचाय त्यांनी आधी गवत वाऱ्यानं हललं की किती फोटो निघतात ते बघा, पहिल्या आठवड्यात कार्ड नुसत्या हलत्या गवतानं भरलं. कॅमेऱ्यापुढचं गवत कापावं लागतं आणि तो दगडांच्या ढिगात गुडघ्याखाली लावावा लागतो.

त्यानंतरच्या फोटोंत सगळ्यात जास्त गावातली मोकाट कुत्री. मग ससा, मुंगूस, खोकड (एक जोडी, एकाच वेळी येते), कोल्हा. चिंकारा दोनदा, एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी. लांडगा नाही. मामा म्हणतात तो कॅमेऱ्याच्या मागून जातो.

कुत्र्यांचं काय करायचं याचं उत्तर माझ्याकडे नाही. गावाबाहेर कोंबड्यांची पिसं-आतडी टाकतात तो ढीग बंद झाला तर फरक पडेल, त्यावर ग्रामपंचायतीत अर्ज दिलाय.

16 नोव्हेंबर 2025

बी गोळा केलं, पहिल्यांदाच आपल्याच माळावरून. डोंगरी आणि कुसळी भरपूर, पवन्या कमी. पवन्या अजून हवी तशी धरत नाहीये, बहुतेक तिला जास्त माती लागते, पुढच्या वर्षी तिचे ठोंब करून बघणार.

साडेचार एकरातला साधारण दोन एकर गवताखाली नीट आला असं म्हणता येईल. जेसीबीवाला पट्टा अजून वाईटच. दोन वर्षांत एकूण खर्च कॅमेरा धरून 71 हजारांच्या आसपास, त्यात मजुरी सगळ्यात जास्त. उत्पन्न म्हणजे सरपण आणि यंदा एका दूधवाल्यानं विळ्यानं कापून नेलेल्या गवताचे 4,200.

हा आकडा लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात सोलरवाले येऊन गेले. सौर कृषी वाहिनी योजनेत पॅनेलसाठी दिलेल्या जमिनीचं भाडं हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, म्हणजे एकरी 50 हजार, दरवर्षी वाढ वेगळी. शेजारच्यांनी होकार दिलाय. कागदावर माळ पडीक आहे, सरकारच्या वेस्टलँड अ‍ॅटलासमध्ये (पडीक जमिनींच्या नकाशात) असली जमीन वेस्टलँडच धरतात, तेव्हा पॅनेल लावायला हीच जमीन पहिली दिसणार. तिकडे कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनविभाग माळ बघायला ग्रासलँड सफारी चालवतो, लोक पैसे देऊन लांडगा बघायला येतात, पण ते वनखात्याच्या जमिनीवर. मालकीच्या माळाचं तसलं काही नाही.

तात्यांनी सोलरवाल्यांना चहा पाजला, कागद ठेवून घेतले, वाचले. मला विचारलं की तुझं हे गवत एकरी किती देतं. सांगितलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले रस्त्याकडचा एक एकर दे त्यांना, जेसीबीवाला, तसाही तो गेलाय, उरलेलं तुझं तू बघ. त्यांच्या मुलांचं मत वेगळं आहे, सगळंच द्यावं असं. दिवाळी झाल्यावर बसायचं होतं, अजून बसलो नाही.

तोवर जाळरेषा. यंदा डिसेंबर उजाडायच्या आत काढायची आहे, बांधाच्या बाजूनं सुरुवात केलीय. बी तीन-चार किलो जास्तीचं आहे, डोंगरी आणि कुसळी. याच पट्ट्यातल्या, म्हणजे बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदरच्या कोणाला हवं असेल तर घेऊन जा, सुती पिशवी आणा. लांबच्यांनी आपल्याच भागातलं गोळा करा, इथलं नेऊ नका. आणि नेण्याआधी पन्नास दाणे माझ्यासमोर फोडून बघा.